शांत मुलांचा तक्ता

५ सप्टेंबर

पोरी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. मी दोनदा लिहिला, दोनदा खोडला. घेणाऱ्याला नको असेल तर आशीर्वाद म्हणजे न मागवता दारात येऊन पडलेलं पार्सल. म्हणून तो बाजूला ठेवला आहे. हवा असेल तेव्हा माग.

पत्ता मावशीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली, "भावोजी, फोन करायचा नाही, दारात जाऊन उभं राहायचं नाही. पत्र लिहा. नको वाटलं तर तिला न फोडता टाकून देता येईल." तुझ्या आईची बहीण शोभते.

तुझं पाणीपुरवठ्याचं काम जोरात आहे असं तिच्याकडूनच कळलं. चारशे किलोमीटर नळ टाकलेस म्हणे. आणि आपल्या मोरीतला नळ अजून गळतोच आहे.

माझी बातमी अशी की दोन वर्षांपूर्वी मी पालिकेवर निवडून आलो. हसू नकोस. आयुष्यभर लोकांच्या कॉलरी सरळ केल्या, आता लोकांची कामं सरळ करतो असं प्रचारात म्हणायचो, आणि लोकांना ते आवडायचं. आता मला निधी समितीवर घेतलंय. कुणाला पैसे द्यायचे आणि कुणाला नाही, हे आम्ही नऊ जण ठरवतो. शिवणाचा का होईना, कारखाना चालवलेला एकटा मीच, त्यामुळे मी बोललो की बाकीचे माना डोलावतात.

आमच्याकडे एक केंद्र आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचं. घरात मारहाण पाहिलेली, अपघातातून वाचलेली, आई किंवा बाप अचानक गेलेली मुलं तिथे येतात. मनाला बसलेला धक्का उतरावा म्हणून एक शिकलेल्या बाई त्यांच्याशी खेळतात. हो, खेळतात, आणि त्यालाच उपचार म्हणतात. शिवाय दोन बायका घरोघर जातात. जिथे नवं बाळ आहे आणि भांडणं आहेत, दारू आहे, अशा घरी. काही घडायच्या आत. हे सगळं पालिकेच्या पैशावर चालतं. खिडकीतून रडणं ऐकू येतं म्हणून गल्लीत त्याला रडशाळा म्हणतात.

मी समितीत विचारलं, पैसे देतो ते ठीक, पण माल कसा निघतो हे कळायचं कसं? कुणालाच सांगता येईना. मग मीच तक्ता काढून दिला. आपल्या तपासणीच्या टेबलावर असतो तसा. दर आठवड्याला लिहायचं : मूल किती वेळा रडलं, किती वेळा ओरडलं, किती वेळा मारलं-चावलं. आकडे उतरले तर सुधारलं, चढले तर बिघडलं. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात धंदेवाल्याचं डोकं!" त्या दिवशी मी चहात साखर जास्त घेतली.

हे तुला का सांगतोय? कारण दुसरं काय सांगू हे सुचत नाही. सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात उभी राहून तू एकच प्रश्न विचारलास. आई गेली त्या दुपारी मी कुठे होते? मी म्हणालो, शेजारी झोपली होतीस. तू म्हणालीस, खोटं. बॅग उचललीस आणि गेलीस.

तो प्रश्न राहू दे. बाकी सगळ्यावर बोलू.

तुझा बाबा


२६ सप्टेंबर

पोरी,

परत आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं असं धरून चालतो.

काल केंद्रावर पाहणीला गेलो. पालिकेच्या जुन्या गोदामावर दोन खोल्या. पहिलीत बाकं आणि आज्या. दुसरीत वाळूचा ट्रे, प्लॅस्टिकचे प्राणी, दोरीवर वाळत घातलेली चित्रं आणि त्या बाई. मुलं त्यांना खेळताई म्हणतात. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकलेला, आवाज बेताचा. मला म्हणाल्या, "साहेब, बसायचं असेल तर जमिनीवर. खुर्चीत बसलेला माणूस बघितला की आमची अर्धी गिऱ्हाइकं टेबलाखाली जातात." बसलो. गुडघ्यांनी आरडाओरडा केला. त्याची नोंद तक्त्यात घेऊ नका म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

तिथे एक पाच वर्षांची मुलगी येते. चालताना पावलांचासुद्धा आवाज करत नाही, म्हणून तिला मुंगी म्हणतात. आई-बापांची भांडणं तिने पलंगाखालून पाहिली. शेवटचं भांडण आई दवाखान्यात जाईपर्यंतचं. आई अजून नीट चालत नाही, बाप कोठडीत आहे, आणि मुंगी आईच्या आईकडे असते. चार महिने तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

माझ्यासमोर तिने वाळूतला वाघ उचलला आणि भिंतीवर फेकला. मग हत्ती, मग घोडा. मग अशी किंचाळली की खाली गोदामातला हमाल वर येऊन बघून गेला. खेळताई नुसत्या तिच्या शेजारी बसून राहिल्या. "हो. खूप मोठा आवाज आहे. मी इथेच आहे," एवढंच म्हणाल्या.

मुलगी दमून त्यांच्या मांडीवर पडल्यावर मी हळूच म्हणालो, "बिघडलीच म्हणायची."

"साहेब, सुधारली."

"अहो, मागच्या महिन्याचे आकडे माझ्याकडे आहेत. रडणं शून्य, ओरडणं शून्य."

"मागच्या महिन्यात ती घाबरलेली होती. आवाज केला तर आपलाही नंबर लागेल, हे ती पलंगाखाली शिकली. आज तिला पहिल्यांदा वाटलं की इथे ओरडलं तरी चालतं."

"मग मी लिहू काय? एक किंकाळी म्हणजे सुधारणा?"

"तक्ता तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "मी आहे तेच भरते. खोटं भरणार नाही."

बाहेर मुंगीच्या आजीने गाठलं. म्हातारीची जीभ म्हणजे कात्री. "तुम्हीच का हो ते हिशेबवाले? लिहून घ्या मग. काल पोरीने मला म्हातारडे म्हटलं! चार महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो हा. अख्ख्या गल्लीला सांगत सुटले मी, माझी नात मला म्हातारडे म्हणाली. लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं." बोलता बोलता डोळे पुसत होती.

घरी आलो. एक सांगू? शिलाई मशीनचा नुसता आवाज ऐकून मी सांगतो की सुई वाकली आहे. चाळीस मशीनं चालू असली तरी सांगतो. पण काल तिथे बसून मला काही ओळखता आलं नाही.

बाबा


१७ ऑक्टोबर

पोरी,

तीन महिन्यांचा तक्ता समितीसमोर आला. एक्केचाळीस मुलं. माझ्या रकान्यांप्रमाणे एकोणतीस बिघडली, बारा सुधारली. ती बारा कोण, ते मी खेळताईंना विचारून आलो. त्यातली सात अजून बोलतच नाहीत. बाकीची पाच तीन आठवड्यांपासून आलीच नाहीत. न येणारं मूल रडत नाही ना!

घरोघर जाणाऱ्या बायकांचं तर त्याहून वाईट. त्यांच्यासाठी मी रकानाच काढला नव्हता. जे घडलंच नाही, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? मला हे कळायला हवं होतं. कापड कापायच्या आधी तपासलं की स्वस्त पडतं आणि शिवून झाल्यावर उसवत बसलं की महाग, हे मी गेली पंधरा-वीस वर्षं कारखान्यातल्या पोरींना ओरडून सांगत आलोय.

अध्यक्ष म्हणाले, "आपण भावनेवर जात नाही. आकडे बोलतात. आणि आकडे आपल्याच सदस्यांच्या तक्त्यातले आहेत." माझ्याकडे बघून हसले, कौतुकाने. वर्षअखेरीला केंद्राचा निधी थांबवायचा असा प्रस्ताव आलाय. मतदान बारा नोव्हेंबरला.

मी बोलायला हवं होतं. पेन्सिलीला टोक करत बसलो.

खरं म्हणजे मला बारा सुधारलेल्या मुलांचा आकडा खुपत नव्हता. त्या सात जणांचा खुपत होता. कारण मी असं मूल पाहिलंय. आई गेल्यावर तू आठ महिने बोलली नाहीस. मी तुला कारखान्यात घेऊन जायचो, कापणीच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसवायचो. सकाळी बसवलं की संध्याकाळी तिथेच सापडायचीस. सगळे म्हणायचे, "काय शहाणी पोर! कसला त्रास नाही." आणि मी पाठ थोपटून घ्यायचो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून दाखवायचो, बघा, एवढ्या आवाजात सुद्धा गप्प. माझ्या तक्त्यात तुला पहिला नंबर मिळाला असता.

म्हणून विचारतो. मतदानाच्या दिवशी तुझी गोष्ट सांगू का? नाव घेणार नाही. माझ्या घरातलं एक मूल असं म्हणेन. त्याने दोन-तीन मतं फिरतील. नाही म्हणालीस तर सांगणार नाही. पण उत्तर दे. एवढ्यापुरतं दे.

बाबा


१ नोव्हेंबर

पोरी,

कार्ड मिळालं. "माझं काही सांगू नका. तुमचं सांगा." एकूण सहा शब्द. लहानपणी मला "ए बाबा" म्हणायचीस, आता "सांगू नका" आहे. तेही ठीक. उत्तर आलं हेच पुष्कळ.

दोन दिवस मला कळेना, माझं असं वेगळं काय आहे? मग कळलं. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. समितीत सांगायच्या आधी तुला सांगतो, कारण प्रश्न तू विचारला होतास.

त्या दिवशी सकाळी तुझी आई म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, आज जाऊ नका. मी म्हणालो, जरा पडून राहा, बरं वाटेल. तेव्हा कारखाना माझा नव्हता. मी दुसऱ्याकडे नगावर शिवायचो, आणि त्या दिवशी दोनशे गणवेश द्यायचे होते. दुपारी बाराला शेजारीण बाजारात जाता जाता कारखान्यात डोकावली. म्हणाली, "वहिनींना बरं नाही. तुम्हाला घरी बोलावलंय." मी मान वर न करता म्हणालो, "एवढे नग उरकले की निघतो."

पाचला निघालो.

दाराला आतून कडी होती. कडी वर होती, तुझा हात पोचण्यासारखा नव्हता. मी खांद्याने दार तोडलं. तुझी आई स्वयंपाकघराच्या दाराशी पडली होती. कपाट पार रिकामं होतं. माझे शर्ट, तिच्या साड्या, तुझे फ्रॉक, टॉवेल, ओढून काढलेला पडदा, सगळं तिच्या अंगावर रचलेलं. तू तिच्या डोक्याशी बसली होतीस. म्हणालीस, "आई गार आहे. मी तिला पांघरूण घातलं. तरी गरम होत नाही."

तू शेजारी नव्हतीस. झोपली नव्हतीस. तू तिथे होतीस, बहुतेक चार-पाच तास, एकटी.

मी सगळ्यांना सांगितलं की पोर शेजारी झोपली होती. शेजारणीला हात जोडले, तीही हो म्हणाली. मग तुलाही तेच सांगितलं. तू म्हणायचीस, "मी आईला कपडे घातले." मी म्हणायचो, "स्वप्न पडलं असेल." चार-पाच वेळा सांगून पाहिलंस. मग ते सांगणं सोडलंस, आणि मग बोलणंच सोडलंस.

तुला त्रास होऊ नये म्हणून लपवलं, असं मी स्वतःला वीस-पंचवीस वर्षं सांगत आलो. तसं नाही. पोर एकटी होती म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : निरोप मिळाला होता, मग तू कुठे होतास? त्या प्रश्नाला भिऊन मी तुझी आठवण खोटी पाडली. तुझी आठवण खरी होती, अगदी पडद्यासकट.

आता यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही.

बाबा


१३ नोव्हेंबर

पोरी,

काल बोललो. तुझं नाही, माझं.

आधी म्हणालो की तक्ता चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. गणवेश गप्प बसला तर तो चांगला, मूल गप्प बसलं तर विचारावं लागतं की का. मग म्हणालो, हे मला केंद्रात नाही कळलं, घरात कळायला हवं होतं. माझी बायको गेली त्या दिवशी मला निरोप आला होता आणि मी गेलो नाही. नंतर ते झाकण्यासाठी मी एका लहान माणसाला खोटं पाडलं. ते लहान माणूस मग बोलेना, आणि मी लोकांना म्हणालो, बघा किती शहाणं आहे. त्या वेळी गावात अशी दोन खोल्यांची जागा असती, तिथे जमिनीवर बसणारी एखादी बाई असती, तर तिने माझ्या शहाण्या मुलाकडे एकदा बघून मला बाहेर बोलावलं असतं. तेवढंही पुरलं असतं.

मी खाली बसलो. मला वाटलं, जमलं.

मग आमचे एक ज्येष्ठ सदस्य उठले. मनाने वाईट नाहीत. म्हणाले, "तुमच्याबद्दल आदरच वाटतो. पण आपल्या वेळी कुठे होती असली केंद्रं? आपण वाढलोच ना?"

मी म्हणालो, "वाढलो की. बघा कसे वाढलो. घरच्यांशी बोलायला मला पालिकेची सभा लागते."

लोक हसले. अध्यक्षही हसले, आणि मग चष्मा पुसत म्हणाले की सगळ्यांच्याच मनाला भिडलं, पण समितीपुढे जे लेखी आहे त्यावर मत द्यायचं असतं, आणि लेखी तक्ता असाच आहे. मी म्हटलं, तक्ता मागे घेतो. ते म्हणाले, मंजूर झालेला कागद मागे घ्यायला वेगळा ठराव लागतो, तो पुढच्या वर्षी आणा.

पाच विरुद्ध चार. आम्ही चार.

तिथून सरळ केंद्रावर गेलो. खेळताईंना म्हणालो, तुमचा पगार, घरोघर जाणाऱ्या दोघींचा पगार, भाडं, सगळं मी देतो. कारखाना बरा चाललाय.

त्या वाळू चाळत होत्या. चाळता चाळता म्हणाल्या, "तुम्ही द्याल, साहेब. मनापासून द्याल. पुढच्या वर्षी धंदा बसला तर? किंवा माझं-तुमचं वाजलं तर? मोठ्या माणसाच्या मर्जीवर जगायची या मुलांना आधीच सवय आहे. तीच तर मोडायचीय मला. शाळेला, दवाखान्याला हक्काने जातात तशी ती इथे यायला हवीत. मला तुमची मर्जी नको. ठराव आणा."

मी रागावलो. पैसे देणाऱ्याला नाही म्हणणारं माणूस मी फार बघितलेलं नाही. जिना उतरेपर्यंत राग टिकला नाही.

नवा तक्ता त्याच बनवणार आहेत. ठराव मी आणणार. सगळं सुरळीत झालं तर पुढच्या सप्टेंबरात केंद्र उघडेल. मुंगी जूनमध्ये सहाची होते.

बाबा


१ जानेवारी

पोरी,

काल केंद्राचा शेवटचा दिवस होता.

खेळताईंनी मुलांना तीन आठवडे आधीपासून सांगितलं होतं. रोज सांगायच्या, अजून किती दिवस उरले. मी म्हटलं, कशाला उगाच घोर लावता, शेवटच्या दिवशी सांगा. म्हणून झालं आणि मी जीभ चावली.

परवा त्यांचा निरोप आला. "मुंगी विचारते, बंद कोण करतंय? मी म्हटलं पालिका. तर तिला वाटतंय पालिका म्हणजे कुणीतरी बाई आहे आणि ती आपल्यावर रागावलीय. तुम्ही याल का?"

गेलो. तिची आजी भिंतीला टेकून बसली होती, मला बघून तिने तोंड फिरवलं. मुंगी वाळूशी होती. मी जमिनीवर बसलो. तिने मला निरखून पाहिलं.

"तू पालिका आहेस?"

"थोडासा आहे."

"तू रागावलास?"

"नाही. तुझ्यावर कुणीच रागावलेलं नाही. मी एक कागद केला होता, त्यात माझी चूक झाली. त्या कागदामुळे हे बंद होतंय."

"मग खोड ना."

"खोडायला गेलो होतो. बाकीच्यांनी ऐकलं नाही."

तिने वाळूत बोटाने एक रेघ मारली, पुसली.

"परत उघडेल?"

"मी खटपट करतोय. पुढच्या वर्षी उघडेलही."

"मग मी येणार!"

आजीने वळून माझ्याकडे पाहिलं. हो म्हणा, अशी मान हलवली, अगदी काकुळतीने. माझ्याही तोंडात "येशील की" तयार होतं. असली वाक्यं माझ्याकडे कायम तयार असतात. मुलगी खूश झाली असती, आजी खूश झाली असती, आणि मी हसत जिना उतरलो असतो.

मी म्हणालो, "नाही, बाळा. तेव्हा तू सहाच्या वर गेलेली असशील. इथे सहापर्यंतचीच मुलं घेतात. केंद्र उघडलं तरी तुला येता येणार नाही."

तिला समजलं. पाच वर्षांच्या मुलाला काय कळतंय असं जन्मभर म्हणत आलो. मी समोर बसून बघत होतो, तिला सगळं समजलं.

आणि मग ती रडली. ओरडून नाही, काही फेकून नाही. जे आवडतं ते गेल्यावर माणसं रडतात तशी रडली. आजी पुढे सरकली, तिच्या ओठांवर "गप, गप" आलं होतं, पण खेळताईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि ते तिथेच राहिलं. मुंगी खेळताईंकडे गेली नाही, आजीकडेही गेली नाही. होती तिथेच, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून रडत राहिली. मी तिला समजावलं नाही. हातही लावला नाही. फक्त उठलो नाही.

पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तिला कुणी गप म्हणालं नाही.

तुझा,
बाबा